मशीननं लावून दिलेलं लगीन

परत सांगू? आरं काय लावलंय काय तुमी! परवा सांगितलं, नागपंचमीला सांगितलं, त्या टेंभुर्णीच्या पाव्हन्यापुडं तर मला जेवत असताना सांगायला लावलं, भाकरी वाळून चामडं झाली माजी! तुमाला काय, नबीसाबच्या हाटेलात बाकडं फुकट हाय, चा पिऊन झाला, बिडी पेटली, की हाय म्हातारा करमनुकीला. 'धोंडीबा, त्ये दुसऱ्या लग्नाचं सांगा की!' दुसरं लगीन! ह्या वयात! ज्याला येका बायकोपुडं बोलायची चोरी, त्येचं दुसरं लगीन, आनि त्येबी लावलं कुनी, तर मुंबईच्या मशीननं!

बरं, ऐका. आनि मदी बोलायचं न्हाय. नबीसाब, तू तर अजाबात न्हाय, तुला सगळं पाठ हाय आनि तरी पयला तूच फिस्सकन हसतोस.

तर दोन सायब आले. आनीबानी नुकतीच उठलेली. त्या वक्ताला कुनी दारात येऊन 'नाव काय, बायकोचं नाव काय, पोरं किती' इचारलं की भले भले गडी मागच्या दारानं पसार व्हायचे, कुटं नेऊन काय कापत्याल ह्येचा नेम न्हवता. आनि हे दोघं आले ते नेमकं त्येच इचारत आले की! येकाच्या गळ्यात टाय. सोलापुरात! चैत्राच्या उन्हात! हितं कुत्रं सावली सोडत न्हाय आनि ह्यो गडी गळ्याला फास लावून हिंडतोय. दुसऱ्याचा चष्मा बाटलीच्या बुडासारखा, शर्ट बाहीर, पायात सपाता, सारका आपल्याशीच पुटपुटतोय. मी तवा मिलच्या हापिसाच्या दारावर. मागावर जलम गेला, डोळं गेलं, मग दिलं स्टूल आनि बसवलं दारावर. मानूस पारखायचं माजं कामच त्ये. आनि तुमाला सांगतो, ह्या दोघांस्नी बघितलं, मला तवाच वास आला हुता!

म्हनलं, 'सायब, काम काय काढलंय?'

टायवाला लई ग्वाड बोलायचा. म्हनला, 'काका, साऱ्या गिरण्यांच्या सगळ्या कामगारांची माहिती आम्ही तक्त्यांत भरणार. लाखो ओळी! मग त्यातून हवा तो प्रश्न विचारायचा आणि उत्तर मिळवायचं. ते काम करणाऱ्या दोन सिस्टिम आहेत, एक माझी, एक यांची. एवढ्या ढिगावर कुणाची चांगली चालते ते ताडून बघायचं, मग गिरणीवाले त्यातली एक घेतील.'

'म्हंजी मशीन दोन?'

'नाही हो, मशीन एकच, मुंबईला. चालवणाऱ्या सिस्टिम दोन.'

म्हंजी डोस्कं येक आनि अक्कल दोन! आता तुमीच सांगा, येका डोस्क्यात दोन अकला असल्याला मानूस आपल्या चाळीत असता तर आपुन काय केलं असतं? दोरीनं बांदून घातला असता का न्हाय?

मग चष्मेवाल्यानं समजावून सांगितलं. लई कळवळ्यानं सांगायचा बिचारा, समोर कोन हाय ह्येचं भान न्हाय. 'हा बघा खोल्यांचा तक्ता, हा हजेरीचा, हा डागी मालाचा, हा दवाखान्याचा, हा रेशनचा. प्रत्येकात तुमचं टोकन, म्हणजे कामगाराचा नंबर आहे. त्या टोकनावरून कुठलाही तक्ता कुठल्याही तक्त्याला जोडता येतो. पूर्वीच्या पद्धतीत झाडासारखं होतं, या फांदीवरून त्या फांदीवर कसं जायचं ते आधीच ठरवून ठेवावं लागायचं. आता कुठूनही कुठंही!'

'कशाला बी काय बी?'

'कशालाही काहीही! हीच तर गंमत!'

गंमत! म्हंजी माजी बायको दवाखान्यात जाऊन काय खोकली, त्ये दवाखान्याचा तक्ता माज्या खोलीच्या तक्त्याला जाऊन सांगनार! आवो, हितलं तितं सांगनाऱ्याला आमच्यात चहाडखोर म्हनत्यात, त्येला कुनी चा बी पाजत न्हाय. आनि ह्ये असलं चहाडखोर मशीन कंच्या अकलेनं लवकर चहाडी करतंय, ह्येची शर्यत लावायला दोन सायब मुंबईस्नं आले! मला वास यायचा न्हाय तर काय व्हईल?

मग सुरू झालं. कापसाच्या जुन्या गोडाऊनात टकटक टकटक, दिसभर, पोरी बसवल्या आनि त्या जाड पत्त्यांवर भोकं पाडायला लावली. मला ठिवलं राखनीला. पयल्या दिशी मी येक पत्ता उचलून बघितला, म्हनलं, सायब, ह्येला कसर लागलीया, फेकून द्या. तर टायवाला हसला. म्हनला, 'काका, ही भोकं म्हणजे माहिती. हे बघा, ही एवढी भोकं म्हणजे तुम्ही!'

ऐकलं? आख्खा जलम मिलमदी राबलो, कानानं बहिरा व्हायची येळ आली मागाच्या आवाजानं, आनि शेवटाला काय झालो? भोक!

तर त्या पत्त्यांच्या ट्रंका भरून ट्रकनं मुंबईला गेल्या, सायब गेले, आनि काय दिसांनी घडीच्या कागदांचा भारा घिऊन परत आले. पयला सवाल हुता डागी मालाचा, म्हंजी खराब कापड कंच्या खात्यात जास्ती निगतंय. उत्तर दोघांचं येकच. मग भांडान कशाचं? भांडान येळेचं! नळावर बायका घागरीवरनं भांडत्यात ना, अगदी तसं.

टायवाला म्हनतोय, 'माझं उत्तर चहा यायच्या आत आलं!'

चष्मेवाला म्हनतोय, 'हो, पण माझ्याकडं प्रश्न साध्या वाक्यात विचारता येतो! तुमच्याकडं प्रश्न लिहायलाच दुपार जाते!'

'दुपार गेली तरी चालेल, उत्तर तर लवकर येतं!'

'आणि उद्या तक्ता दुप्पट झाला तर?'

'तर तुमचं जेवणानंतर यायचं ते दिवाळीनंतर येईल!'

म्यानेजर कंटाळला. म्हनला, 'ते डागी माल राहू द्या हो. मला कामाचं काहीतरी काढून द्या. बदली कामगार खोलीसाठी दारात बसलेत. मिलची खोली धरून दुसरीकडं संसार कुणी थाटलाय, तेवढं सांगा. अशांच्या खोल्या आठ दिवसांत रिकाम्या करतो.'

तुमाला नियम ठावं हाय, येक टोकन, येक घर. दुसरं घर सापडलं की खोलीतलं सामान रस्त्यावर. आनि ती खोली काय नुसती खोली हाय व्हय? माजी पोरगी तितं जल्मली, तिची पाठवनी तितनं झाली. पत्रा गळतोय, ढेकनं हाईत, पर ती सुटली तर ह्या वयात जायचं कुटं? गावाकडं, सांगोल्याला? तितं मेंढरांस्नी प्यायला पानी न्हाय, मला कोन देतंय?

परत मशीनला सवाल. परत भारा. त्या दिशी मी दारावरच. टायमकीपर संगप्पा कागूद वाचतोय, आनि सायब दोघं येकमेकाचा हात हलवायल्यात, लगीन जुळल्यागत! 'उत्तरं तंतोतंत जुळली! दोन्ही सिस्टिम, एकही फरक नाही!' पेढं मागवलं. मलाबी दिला येक. मी तोंडात घातला, आनि संगप्पा चष्म्याच्या वरनं माज्याकडं बघतोय. म्हनलं, काय रं? तर जवळ आला आनि कानात म्हनला, 'धोंडीबा, यात तुजं नाव हाय. बायका दोन. मथुराबाई आनि दगडाबाई.'

पेढा हितं अडकला. हितं! खालीबी जाईना, वरबी येईना.

दगडाबाई? कोन दगडाबाई? बरं, येक अक्कल खोटं बोलली म्हनावं, तर दोन्ही अकला येकच बोलायल्यात! दोन साक्षीदार! कोर्टात बी दोन साक्षीदारांवर मानूस टांगत्यात.

तुमाला सांगतो, त्या दिसापास्नं मी कुनावर संशय घेतला न्हाय त्ये इचारा! पयला संगप्पावर. मग ह्या नबीसाबवर, चेष्टेनं कुटं लिवून ठिवलं आसंल म्हनून. ह्यो म्हनतोय कसा, 'अरे धोंडीबा, मेरे कू बोलना था ना, मैं शादी में बिर्यानी खिलाता!' मग सांगोल्याच्या चुलतभावावर, मानसिंगवर. ह्या मानसिंगनं माज्या नावावर संसार थाटला आसंल! पायजे तर बघा तेचं तोंड, तसलंच हाय. सोताच्या खर्चानं यष्टीनं गेलो, तेला गचांडीला धरला. तेनं मला ताक पाजलं आनि वाटंला लावलं.

मग गेलो दवाखान्यात. तितली जुनी आया गावाकडं गेलेली, नवी नर्स बसलेली. म्हनलं, बाय, दगडाबाईचं बघ की जरा. तिनं बघितलं. 'हो, आहे ना. धोंडीराम यांची बायको. खोकला.'

खोकला! म्हंजी बाई खरीच हाय की! नुसत्या नावाला कवा खोकला येतोय व्हय? आनि हिकडं घरात मथुराबी खोकतीया. म्हनलं, बघा, योगायोग असतोय! दोघींस्नी येकच दुखनं. साथ आली आसंल.

न्हाय, हसा, हसा. माज्या जागी असता म्हंजी कळलं असतं. माजा माज्यावरचा इस्वास उडाला की! रातच्याला नुसतं छताकडं बघत पडायचो... तरन्या वयात कुनाच्या हळदीला गेलो, जरा जास्ती झाली, आनि नवरदेव समजून कुनी मलाच बोहल्यावर उभा केला का काय? मानसाचं काय सांगता येतंय?

आनि घरात? घरात सांगायची सोय हाय व्हय! म्हनलं, सगळ्या दुनियेला कळू दे, पर हिला न्हाय. पर आमची ती शेजारीन, गौरम्मा, तिच्या तोंडाला चाळन हाय, चाळन! त्या दिशीच सांज व्हायच्या आत, 'अय्यो मथुराक्का, तुमच्या मालकाला दुसरी हाय म्हनं!' झालं. मी नळावर गेलो की बायका गप. मी पाट फिरवली की खीऽऽ करून हसू. मला तवाच वास आला हुता... पर कशाचा, त्ये काय कळंना.

आनि मथुरा? रडली न्हाय, वरडली न्हाय, भांडी आपटली न्हाय. ह्येचंच भ्या वाटतं बाईचं! जेवायला बसलो तर पाटापुडं दोन ताटं. दोन्हीत भाकरी, दोन्हीत शेंगाची चटनी.

म्हनलं, 'दुसरं ताट कुनाचं?'

'तिचं. आली तर उपाशी नको ऱ्हायला.'

'कोन तिचं? आगं मला काय बी म्हाईत न्हाय!'

'दिसाया कशी हाय?'

'मी बघितली न्हाय गं तिला!'

'बघितलीबी न्हाय?' म्हनली, 'आनि येवडी वर्सं संसार करताय?'

घ्या! बोललं तरी अडकलो, न्हाय बोललं तरी अडकलो. मग म्हनली, 'नाव काय म्हनला तिचं?'

'...दगडाबाई.'

'नीट ऐकू आलं न्हाय. परत म्हना.'

'दगडाबाई!'

तर चुलीकडं तोंड फिरवून बसली. खांदं हालायल्यात. मला वाटलं, रडतीया. लई वाईट वाटलं बघा मला... त्या बयेचा येवडा राग आला, म्हनलं, ती दगडाबाई घावू दे, तिच्या झिंज्याच उपटतो.

तवर हापिसातनं सांगावा आला. सोमवारी दोन्ही बायकांसकट हजर ऱ्हायचं, न्हायतर खोली खाली करायची. दोन्ही! येक आनू कुटनं? भाड्यानं मिळती व्हय नव्या पेठंत?

सोमवारी मथुरा उटली, न्हाली, इरकली लुगडं नेसली, पोरीच्या लग्नानंतर पयल्यांदा. कपाळाला येवडं मोटं कुकू. म्हनलं, 'कुटं?' 'हापिसात. मला बोलीवलंय न्हवं?' आनि पुडं चालाय लागली. मी मागं. म्हनलं, संपलं. आता ही म्यानेजरपुडं जाऊन सांगनार, ह्या मानसानं मला फशिवलं, काढून घ्या खोली, मी चालली माहेराला.

हापिसात सगळे बसलेले. म्यानेजर, दोन सायब, संगप्पा. म्यानेजरनं इचारलं, 'बाई, नाव?'

'मथुराबाई.'

'आणि दगडाबाई कुठं आहेत?'

'आल्यात की.'

मी वळून दाराकडं बघितलं! आईशप्पत, वळून बघितलं मी! कारन मला वाटलं, आली. माज्या मागनं आली, आता दारात उभी आसंल. दारात कोन? कोन न्हाय. माजं मोकळं स्टूल.

'कुठं आहेत?'

'ही काय, तुमच्यापुडं बसलीया.'

मग मथुरा बोलाय लागली. इतकं बोलल्याली मी तिला कवा ऐकली न्हवती, आनि बोलतीया ती म्यानेजरसंगं, पर बघतीया माज्याकडं. 'सायब, माज्या आईची आदीची लेकरं जगली न्हाईत. म्हनून माजं नाव ठिवलं दगडा. दगडाला कोन उचलून न्हेतंय? म्हनून मी जगले. लग्नात सासूबाय म्हनल्या, घरात आदीच येक धोंडा हाय, वर आनि दगड कशाला? हिचं नाव मथुरा ठिवा. तांदळात अंगठीनं लिवलं, झाली मथुरा. दवाखान्यातली आया माज्या माहेराची, ती मला दगडीच म्हनायची, तिनं तसंच लिवून घेतलं. मी म्हनलं, असू दे. कुनीतरी म्हनतंय की.'

टायवाला हसायला लागला, म्यानेजर हसायला लागला, संगप्पा तर टेबलावर पडला. मग कळलं, यादीत निम्मी चाळ हुती! लगनात नाव बदलायची आपली रीत, खोलीच्या तक्त्यात सासरचं नाव, दवाखान्याच्या तक्त्यात माहेरचं, जुळलं न्हाय की बायका दोन! गौरम्माचा नवरा तर तिघींचा धनी निगाला, ती तेलुगूत येक, कानडीत येक आनि रेशनला तिसरीच! आनि हे सगळे मर्द गडी आठ दिस तोंडाला टाळं लावून, ज्येचा त्यो सोताच्याच दगडाबाईला हुडकत हिंडत हुता! कुनी कुनाला सांगंल तर शप्पत! आनि बायका नळावर हसत हुत्या. त्येंनी ठरवलंच हुतं, बोलायचं न्हाय म्हनून.

खोल्या ऱ्हायल्या सगळ्यांच्या. चष्मेवाला तेवडा हसला न्हाय. कागदाकडं बघत पुटपुटला, 'म्हणजे नावावर जोडून चालणार नाही. प्रत्येक बाईला एक नंबर द्यायला हवा.'

मथुरा म्हनली, 'नंबर कशाला वो? दोन दोन नावं हाईत की. हाका मारा.'

आनि शर्यत कोन जिकलं म्हाईत हाय? टायवाला! दोन्ही अकलांनी चूक येकच केली, पर टायवाल्याच्या अकलेनं ती चा यायच्या आत केली, म्हनून पयला नंबर! म्हनूनच मला तवाच वास आला हुता!

वाटंत मी तिला इचारलं, 'तुला पयल्या दिसापास्नं म्हाईत हुतं?'

'माजंच नाव मला म्हाईत नसंल व्हय?'

'मग बोलली का न्हाईस?'

'तुमी इचारलं कवा? सांगोल्याला जाऊन इचारलं, दवाखान्यात इचारलं, नबीसाबभावजींस्नी इचारलं. घरात इचारलं?'

आवो, आपल्यात बायकोला नावानं हाक मारत्यात व्हय? मी आख्ख्या जल्मात 'अगं' म्हनलं, तिचा भाऊ तिला आक्का म्हनतोय, मला कुटनं म्हाईत असनार? लग्नात मी बघत हुतो व्हय तांदळाकडं! मुंडावळ्या नाकात जात हुत्या माज्या!

तर आता हिशेब ऐका. टायवाला जाताना म्हनला, 'सॉरी काका.' झालं त्येचं. म्यानेजरनं शिपायाकरवी चुकलं म्हनून सांगावा धाडला. संगप्पानं हात जोडलं, मानसिंगला मी ताकाबद्दल माफ केलं. मग मी घरात म्हनलं, 'अगं, येवडा घोळ घातलास, अन्न गोड लागलं न्हाय मला आठ दिस. निदान तोंडानं चुकलं तरी म्हन.'

तर म्हनती कशी, 'मथुरानं काय केलं? मथुरा तर रोज भाकरी घालत हुती. गप बसली ती दगडा. तिला इचारा.'

'मग बोलीव तिला.'

'मी न्हाय. तुमी हाक मारा. येती का बघू.'

आनि भाकरी थापाय लागली. आता ह्या वयात... दार उघडं, गौरम्मा उंबऱ्यात कान लावून बसल्याली... कशी मारायची हाक? दोनदा तोंड उघडलं मी. दोनदा खोकलो आनि भायेर आलो. ताटं मातूर अजून दोनच वाढती.

झालं? ऐकलं? सरका आता, घराकडं जाऊ द्या. सगळ्यांनी माफी मागितली बघा, मुंबईच्या मशीनवाल्यानं सुदीक मागितली. मागायची ऱ्हायली ती येकच... दगडाबाई.